मध्यम व्हिडिओ गेम्सची परीक्षणे : गुण आणि गुणांक

१

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. काव्यशास्त्रात माधुर्य, ओज आणि प्रसाद हे गुण होत. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात परीक्षक जो आकडा लिहितो तोही गुणच. ‘परीक्षण’ या शब्दातही परीक्षा आहेच. साहित्याच्या क्षेत्रात या दोन अर्थांची सहसा गल्लत होत नाही. एखाद्या कादंबरीच्या परीक्षणाखाली ‘दहापैकी सात’ असा शेरा छापला गेला, तर तो आपल्याला विनोद वाटेल. व्हिडिओ गेम्सच्या समीक्षेत मात्र हीच रूढ पद्धती आहे, आणि ती चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे. त्या समीक्षेतील एका दुर्लक्षित भागाचा, म्हणजे मध्यम प्रतीच्या खेळांच्या परीक्षणांचा, प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

मध्यम कृतींचाच विचार का, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. उत्तम कृती समीक्षकाला स्वतःच्या पातळीवर ओढून घेते. अगदी वाईट कृतीही त्याला निदान उपहासाची संधी देते. १९८२ मध्ये अटारी कंपनीसाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी सुमारे पाच आठवड्यांत तयार केलेला ‘ई.टी.’ हा खेळ इतका फसला, की त्याच्या न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोतील अॅलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरल्या गेल्या आणि २०१४ मध्ये त्या उकरून काढण्याचा समारंभ झाला. म्हणजे वाईटालाही दंतकथा लाभते. मध्यमाला यांपैकी काहीच लाभत नाही. तो विकला जातो, खेळला जातो आणि विसरला जातो. परंतु कोणत्याही कलेच्या उत्पादनाचा मोठा भाग या मधल्या पट्ट्यातच असतो, आणि समीक्षेचा खरा कसही तेथेच लागतो.

याची जाणीव प्रस्तुत लेखकाला एका वर्गात झाली. तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्यांना एका खेळाचे इंग्रजी परीक्षण वाचावयास दिले होते, आणि शेवटचा आकडा मुद्दाम कापून टाकला होता. तो आकडा कोणता असावा, हे त्यांनी ओळखावयाचे होते. निरनिराळ्या प्रांतांतून आणि भाषांतून आलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी आठ किंवा नऊ असा अंदाज केला. प्रत्यक्षातील आकडा सात होता. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की कापलेले तीन गुण परीक्षणात नेमके कोणत्या वाक्यात गेले? या प्रश्नाचे उत्तर वर्गात कोणालाच देता आले नाही, शिक्षकालाही नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा काहीसा उशिरा केलेला विचार आहे.

२

प्रथम या परीक्षणांची जडणघडण पाहू. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही नियतकालिके सुरू झाली. त्यांचा वाचक हा प्रामुख्याने ग्राहक होता. खेळाची कॅसेट घरी नेल्याखेरीज तिच्यात काय आहे हे कळत नसे, आणि पुस्तकाप्रमाणे दुकानात चार पाने चाळून पाहण्याची सोय नव्हती. म्हणून ‘पैसे खर्च करावेत की नाही’ या प्रश्नाचे उत्तर देणे हे परीक्षणाचे पहिले काम ठरले. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘क्रॅश’ या मासिकात चित्रे, खेळण्यातील सुलभता, गुंतवून ठेवण्याची शक्ती, किमतीचा मोबदला अशा निरनिराळ्या सदरांखाली शेकडा गुण दिले जात आणि शेवटी एक एकंदर आकडा येई. जपानमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘फामित्सू’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत आणि त्यांची चाळीसपैकी बेरीज छापावी, अशी पद्धत रूढ केली. तेथे पूर्ण चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ मध्ये, ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळाला.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. ते असे, की कृतीचे मूल्य म्हणजे तिच्या अवयवांच्या मूल्यांची बेरीज. यंत्राच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे चालते, आणि आरंभीचे खेळ हे बऱ्याच अंशी यंत्राच्या करामतीच होते. एखाद्या गणकयंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत किती रंग आणि किती हालचाल बसवली, हा तेव्हा खरोखरीच महत्त्वाचा प्रश्न होता. पुढे खेळांत कथा आली, पात्रे आली, नैतिक पेच आले. परंतु बेरीज तशीच राहिली. कादंबरीच्या परीक्षणात कागद, बांधणी, कथानक आणि भाषा यांना वेगवेगळे गुण देऊन त्यांची बेरीज करावी, तसाच हा प्रकार होय.

२००१ मध्ये ‘मेटाक्रिटिक’ या संस्थळाने या बेरजेवर आणखी एक बेरीज चढवली. निरनिराळ्या परीक्षणांतील आकडे शंभराच्या प्रमाणात आणून ते त्यांची सरासरी काढते. ही सरासरी भारित असते. कोणत्या नियतकालिकाला किती भार, हे मात्र सांगितले जात नाही. येथे एक तपशील विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. याच संस्थळावर चित्रपटाला ६१ गुण मिळाले की तो अनुकूल अभिप्रायाच्या हिरव्या रंगात जातो. खेळाला मात्र त्यासाठी ७५ लागतात. याचा अर्थ खेळांचे परीक्षक चित्रपटांच्या परीक्षकांपेक्षा अधिक कठोर आहेत असा नव्हे. अर्थ अगदी उलट आहे. खेळांच्या परीक्षणांत आकडे इतके वर सरकले आहेत, की मध्यमाची रेघही वर सरकवावी लागली. दहापैकी पाच हा गणिताचा मध्य. परंतु व्यवहारात सात हा ‘ठीक’ या शब्दाचा पर्याय झाला आहे, आणि पाच म्हणजे जवळजवळ नापास.

श्रेणी वर सरकण्याची ही प्रवृत्ती आपल्याला अगदीच अपरिचित नाही. मम्मटाने काव्याचे उत्तम, मध्यम आणि अवर असे तीन भेद केले. पुढे जगन्नाथ पंडिताला उत्तमाच्याही वर ‘उत्तमोत्तम’ ही श्रेणी लागली. अर्थात जगन्नाथाने त्यासाठी युक्तिवाद केला. खेळांच्या परीक्षणांतील श्रेणी मात्र युक्तिवादाविना वाढल्या. त्यांच्या वाढीची कारणे शास्त्रात नव्हेत, व्यवहारात शोधावी लागतात.

३

खेळांची परीक्षणे छापणारी नियतकालिके जाहिरातींवर चालतात, आणि त्या जाहिराती बहुधा खेळ प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांच्याच असतात. शिवाय विक्रीपूर्वी परीक्षणासाठी मिळणारी प्रतही प्रकाशकाकडूनच येते. अगदी वाईट खेळाला वाईट म्हणण्याने फारसे बिघडत नाही. सगळेच तसे म्हणत असतात. अडचण येते ती मध्यम खेळाला मध्यम म्हणताना. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’ या संस्थळाचे परीक्षक जेफ गेर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या खेळाला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी त्या संस्थळावर या खेळाच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. लवकरच गेर्स्टमन यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. कमी गुणांमुळे जाहिरातदार नाराज होत आणि त्या दडपणाखाली व्यवस्थापनाने आपल्याला काढले, असे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. सहा हा काही अपमानाचा आकडा नव्हे. त्या संस्थळाच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘बरा’ एवढाच होता. तथापि ‘बरा’ हा शब्दच महाग पडला.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१० मध्ये ऑब्सिडियन या संस्थेने तयार केलेल्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ या खेळासाठी मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यासच अधिक रक्कम मिळेल अशी अट होती, आणि खेळाला ८४ मिळाले, ही गोष्ट तिच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितली. म्हणजे परीक्षकाने सहज दिलेला किंवा कापलेला एक गुण कोणाच्या तरी उपजीविकेपर्यंत पोहोचतो. हे ठाऊक असलेला सहृदय परीक्षक आकडा किंचित वर सरकवतो; भिडस्तही सरकवतो; भ्यालेलाही सरकवतो. तिघांची कारणे वेगळी असली तरी आकडा एकच येतो, आणि वाचकाला त्यांत फरक करता येत नाही.

आमच्या वर्गातील प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. तीन गुण कोठे गेले हे परीक्षणात सापडत नाही, कारण परीक्षण आणि आकडा हे दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहिलेले असतात. परीक्षण खेळाडूसाठी असते; आकडा बाजारासाठी असतो.

४

उरलेले अर्धे उत्तर परीक्षणांच्या भाषेत आहे. मध्यम खेळाचे परीक्षण बहुधा ‘पण’ या अव्ययावर उभे असते. चित्रे सुंदर आहेत, पण हालचाल जड आहे. कथा वेगळी आहे, पण मारामारी त्याच त्या प्रकारची आहे. तंत्र सफाईदार आहे, पण नावीन्य नाही. शेवटी ‘अशा प्रकारच्या खेळांची आवड असणाऱ्यांना हा आवडेल’ असे वाक्य येते, आणि त्यात काहीच सांगितलेले नसते. ‘पण’च्या अलीकडचे आणि पलीकडचे यांचा परस्परसंबंध काय, हे परीक्षक सांगत नाही. दोन्ही पारड्यांत वजने टाकून तो बाजूला होतो.

या ठिकाणी आपल्या काव्यशास्त्राचे स्मरण उपयोगी पडेल, असे वाटते. मम्मटाचे ‘मध्यम काव्य’ म्हणजे गुणीभूतव्यंग्य. ज्यात व्यंग्यार्थ आहे, परंतु तो वाच्यार्थापेक्षा प्रधान न राहता गौण झाला आहे, ते मध्यम. आनंदवर्धनाने आधीच मांडलेल्या विवेकावर ही विभागणी आधारलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की येथे ‘मध्यम’ हे मोजमाप नसून संबंधाचे वर्णन आहे. काव्यात काय किती आहे, असे ती विचारीत नाही. काय कशाच्या अधीन आहे, असे विचारते. किंबहुना गुणीभूतव्यंग्यातही रमणीयता असते, हे आपल्या शास्त्रकारांना मान्य होते. मध्यमाची अवहेलना न करता त्याचे मध्यमत्व नेमके कशात आहे हे सांगण्याची ही रीत आहे.

खेळांना ही परिभाषा जशीच्या तशी लागू होणार नाही, हे उघड आहे. खेळात वाच्य म्हणजे काय, हाच मोठा प्रश्न आहे. तरीही तिच्यातील प्रश्नाचे स्वरूप उपयुक्त आहे. खेळाडूचे हात जे करतात आणि खेळाची कथा जे म्हणते, त्यांत प्रधान काय आणि गौण काय? २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना कथन आणि क्रीडा यांतील विसंवादाकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता. विशेष म्हणजे ज्या खेळावर स्तुतीचा वर्षाव झाला होता त्यात त्यांना हा विसंवाद आढळला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१२ मधील ‘स्पेक ऑप्स : द लाइन’. बर्लिनच्या यागर या संस्थेने तो तयार केला. वाळूच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या दुबईत तीन अमेरिकन सैनिक शिरतात आणि ज्यांना वाचवावयाचे त्यांनाच मारीत पुढे जातात. जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’चा आधार या कथेला आहे. अनेक परीक्षकांनी कथेचे धाडस वाखाणले आणि गोळीबार मात्र सामान्य, पुनरुक्तीचा म्हणून गुण कापले. बेरजेच्या पद्धतीत हे बरोबरच होते. परंतु त्याच वर्षी ब्रेंडन कीओ यांनी या एकाच खेळावर संपूर्ण पुस्तक लिहिले, आणि खेळाडू यांत्रिकपणे मारीत राहतो हीच या खेळाची विचारवस्तू असल्याचे त्यांच्या वाचनातून दिसून आले. ज्याला परीक्षकांनी ‘पण’च्या पलीकडे टाकले होते, ते त्यांच्या वाचनात कथेच्या केंद्राशी आले.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक कंटाळवाणी गोष्ट ‘हेतुपुरस्सर कंटाळवाणी’ ठरविता येते. मग दोष म्हणून काही उरणारच नाही. म्हणूनच या प्रकारच्या वाचनाला कृतीतूनच पुरावा हवा. ‘स्पेक ऑप्स’मध्ये तो आहे, कारण खेळ पुढे जाताना आपल्या खेळाडूलाच जाब विचारू लागतो. जेथे असा पुरावा नसेल तेथे पुनरुक्तीला पुनरुक्तीच म्हटले पाहिजे. उदारपणा आणि चिकित्सा यांचा मेळ घालणे हेच मध्यम कृतीच्या समीक्षकाचे अवघड काम आहे.

५

सरासरीचा आणखी एक दोष असा, की मध्यम कृती आणि मतभेदाची कृती यांत तिला फरक करता येत नाही. हिदेताका सुएहिरो यांचा ‘डेडली प्रेमोनिशन’ हा खेळ २०१० मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा एका संस्थळाने त्याला दहापैकी दोन आणि दुसऱ्याने दहापैकी दहा गुण दिले. अशा खेळाची सरासरी काढली की तो मधल्याच पट्ट्यात पडतो, आणि कोणाचाही विशेष राग-लोभ न ओढवणाऱ्या एखाद्या गुळगुळीत खेळाच्या शेजारी जाऊन बसतो. साहित्याच्या इतिहासकाराला यातील धोका वेगळा सांगावयास नको. वाद हा कृतीच्या जिवंतपणाचा पुरावा असतो. सरासरी तोच पुसून टाकते.

त्यातच खेळ ही कृती स्थिर राहत नाही. २०१६ मध्ये निघालेल्या ‘नो मॅन्स स्काय’ची प्रथम निराशाजनक संभावना झाली, पुढे अनेक वर्षे विनामूल्य भर घालून त्याचे रूप जवळजवळ पालटण्यात आले. पहिले परीक्षण मात्र पहिल्याच पाठाचे राहते. आपण कोणत्या पाठाचे परीक्षण करीत आहोत, हे सांगण्याची पाठचिकित्सेतील शिस्त या क्षेत्राला हवी आहे.

आणि पाठ पुष्कळदा नाहीसाच होतो. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. उत्तम खेळांच्या नव्या आवृत्त्या निघतात; मध्यम खेळांच्या सहसा निघत नाहीत. ‘स्पेक ऑप्स’सुद्धा त्यातील संगीताच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आला. अशा वेळी परीक्षण हाच त्या कृतीचा साक्षीदार उरतो. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांच्या अंकांतून पुस्तकांचे अभिप्राय चाळणाऱ्या अभ्यासकाला हे चांगले ठाऊक आहे. विस्मृतीत गेलेल्या पुस्तकाविषयी ‘बरे आहे’ एवढेच लिहिणाऱ्याने त्याला काहीच दिलेले नसते. पुस्तकात काय आहे हे चार ओळींत सांगणाऱ्याने सगळे दिलेले असते. ‘सात’ या आकड्यातून पन्नास वर्षांनी कोणाला काय कळणार?

६

शेवटी आपल्या घरचे एक उदाहरण घेऊ. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कहाणी सांगतात. छायाबाहुल्यांच्या रीतीची दृश्ये, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल आणि भिंतींवरील चित्रकथा यांची सर्वत्र प्रशंसा झाली. लढाईतील हालचाल काटेकोर नाही, खेळ आखूड आहे, असे दोषही दाखविले गेले. एकूण अभिप्राय मध्यम.

या खेळाबाबत दोन सोपे मार्ग होते. परदेशी परीक्षकाला त्याच्या अपूर्वतेचे कौतुक करून थांबता येत होते. भारतीय परीक्षकाला ‘आपला खेळ’ म्हणून दोषांकडे कानाडोळा करता येत होता. दोन्हींत खेळ नीट पाहिला जात नाही. संबंधाचा प्रश्न विचारला तर वेगळे काही दिसते. राजी कसरतपटू आहे, आणि भिंतींवरून धावणे, खांबांवरून झेपावणे ही खेळाडूची कामेही कसरतीचीच आहेत. येथे पात्र आणि क्रीडा एकजीव झाली आहेत, आणि हे खेळाचे खरे यश आहे. पुराणकथा मात्र खेळाडू केवळ ऐकतो किंवा भिंतीवर पाहतो. त्याच्या हातांना ती कोठेच करावयास मिळत नाही. बंदिस्त आवारात पुनःपुन्हा येणाऱ्या असुरांशी लढताना दुर्गा किंवा विष्णू यांच्या कथेने काही फरक पडत नाही. अर्थ आहे, परंतु तो गौण झाला आहे. या खेळाचे मध्यमत्व येथे आहे. आणि असे सांगितले तर ते रचनाकाराला पुढच्या खेळासाठी उपयोगी पडू शकते. ‘सात’ या आकड्याचा त्याला कोणताही उपयोग नाही.

आकड्यांचा त्याग करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये दहापैकी गुण देणे बंद केले, परंतु २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने मोजमाप परत आले. यावरून आकडा बाजाराला हवाच असतो असे दिसते, आणि त्याच्याशी भांडत बसण्यात फारसे हशील नाही. आकडा राहो, परंतु त्यासोबत परीक्षणाने काही किमान गोष्टी सांगाव्यात. कृतीच्या कोणत्या पाठाविषयी लिहीत आहोत. खेळाडू प्रत्यक्षात काय करतो. त्या करण्याचा कथेशी संबंध काय. आणि कापलेला प्रत्येक गुण कोणत्या वाक्यात गेला. हे करता न आल्यास आकडा मागे घ्यावा.

भारतीय भाषांत या विषयाची परिभाषा अजून घडावयाची आहे. ती घडविताना इंग्रजीतील बेरीज आयात करण्यापेक्षा आपल्या शास्त्रातील प्रश्न विचारण्याची रीत उपयोगात आणणे अधिक श्रेयस्कर ठरेल. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर देता येईल असे परीक्षण मराठीत लिहिले गेले, तर ‘गुण’ या शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर थोडे तरी कमी होईल.